आईचीही तपासणी लिहा

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध सोडलेले, मलूल पडलेले बाळ एनआयसीयूत येते. ॲसिडोसिस असतो, अमोनिया वाढलेला असतो. सेप्सिसच्या संशयावरून अँटिबायोटिक सुरू होते आणि चयापचयाचा आजार मनात आला की कार्निटीनही जाते. हा उपचार योग्यच आहे. प्रोपिऑनिक किंवा मिथाइलमॅलॉनिक ॲसिडीमियात साचलेले ॲसाइल गट कार्निटीनला जोडले जाऊन लघवीवाटे बाहेर पडतात. आमची तक्रार क्रमाबद्दल आहे. फिल्टर पेपरवर टाचेच्या रक्ताचे थेंब आणि लघवीचा नमुना आधी घ्या. एकदा डोस गेला की मुक्त कार्निटीनची मूळ पातळी कळायला मार्ग उरत नाही. रिपोर्टसाठी मात्र औषध अडवून ठेवू नका.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा प्रश्न निराळा. कार्निटीनचा साठा मुख्यतः शेवटच्या तिमाहीत वारेतून मिळतो आणि ते घरच्या घरी बनवण्याची यकृताची ताकद जन्मतः तोकडी असते. त्यामुळे केवळ टीपीएनवर पातळी घसरते. तरीही सरसकट कार्निटीन घातल्याने वजन वाढते किंवा स्निग्धांशाचा वापर सुधारतो, असे चाचण्यांत दिसलेले नाही. टीपीएन चार आठवड्यांपलीकडे जाणार असेल, तर त्या-त्या बाळापुरता विचार करावा. गॅलॅक्टोसीमियासाठी सोया फॉर्म्युला लिहिताना डबा जरूर वाचा. सोयात कार्निटीन जवळजवळ नसते, ते वरून घालावे लागते.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते आईकडे. स्क्रीनिंगमध्ये मुक्त कार्निटीन कमी आले की आपण बाळाच्या एसएलसी२२ए५ जनुकातील दोषाचा, म्हणजे प्राथमिक कार्निटीन कमतरतेचा विचार करतो. पण पहिल्या दिवसांतली बाळाची पातळी बरीचशी आईची असते. बाळ निरोगी आणि आजार आईला, असे निदान अनेक देशांत झाले आहे. अशी स्त्री वर्षानुवर्षे लक्षणांविना राहू शकते. तिला हृदयाच्या ठोक्यांची गंभीर अनियमितता होण्याचा धोका मात्र असतो. दर ३०० माणसांमागे सुमारे एकाला हा आजार असलेल्या फेरो बेटांवर तरुणांच्या आकस्मिक मृत्यूंनी तो धडा दिला. आपल्याकडे बाळ बालरोगतज्ज्ञाचे, आई स्त्रीरोगतज्ज्ञाची. मधल्या फटीत ही तपासणी राहून जाते. बाळाचा दुसरा नमुना घ्याल, त्याच दिवशी आईच्या प्लाझ्मातील कार्निटीनही पाठवा आणि डिस्चार्ज कार्डावर तशी नोंद करा.