बियांच्या अर्काची कसोटी

पावसाळी हवा सुरू झाली, की दमेकऱ्यांच्या घरी औषधांपेक्षा सल्ल्यांचीच गर्दी अधिक होते. कोणी कलौंजीचे तेल सुचवितो, कोणी कसल्याशा बियांचा काढा आणून देतो. आणि झाडपाल्याने अपाय तो कसला, या भरवशावर रोगी श्वासावाटे घ्यावयाचे औषध परस्पर बंद करतो. बियांच्या अर्काविषयी आमच्या मनात तुच्छता नाही. आमचा आक्षेप आहे तो चाचणीवाचून केल्या जाणाऱ्या छातीठोक दाव्यांना.

बियांतून दम्याचे औषध निघू शकते, याला इतिहासाचा दाखला आहे. इजिप्तमध्ये ओव्याच्या कुळातील 'खेल्ला' या वनस्पतीचे दाणे मूतखड्याच्या कळांवर फार पूर्वीपासून दिले जात. त्यांतील खेलिन या द्रव्याने श्वासनलिका सैलावतात असे दिसून आले. पण घेणाऱ्यास मळमळ फार होई. तेव्हा त्याच्याच घडणीची निराळी संयुगे बनविण्याचे काम इंग्लंडमधील एका औषध कंपनीने हाती घेतले. तेथील डॉ. रॉजर आल्टुनयन हे स्वतःच दमेकरी होते आणि गिनीपिगच्या केसांतील कोंड्याने त्यांचा दमा उसळे. आधी नवे संयुग घ्यावे, मग त्या कोंड्याचा अर्क हुंगून दमा मुद्दाम उठवावा, आणि छाती कितपत आवळली ते मोजावे, हा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे चालविला. (असे धाडस आज कोणती समिती करू देईल, हा प्रश्न निराळा!) १९६५ साली त्यांतून डायसोडियम क्रोमोग्लायकेट हाती आले. उठलेला दमा ते शमवीत नाही, परंतु आधी घेतल्यास त्याला उठू देत नाही. विशेष हे, की गिनीपिगवरील प्रयोगांत ही संयुगे निकामी ठरत होती. माणसाने स्वतःवर कसोटी घेतली नसती, तर ती टाकूनच दिली गेली असती. आज दम्यावर त्या औषधाची जागा बहुतांशी श्वासावाटे घ्यावयाच्या स्टिरॉइड औषधांनी घेतली आहे, कारण तीही कसोटीस अधिक उतरली.

दमा हा स्वभावतःच लहरी विकार होय. ऋतू पालटला, धूळ कमी झाली, की तो आपोआप ओसरतो. आणि त्या वेळी जे पोटात गेले असेल त्याच्या पदरात श्रेय पडते. म्हणूनच निम्म्या रोग्यांस अर्क व निम्म्यांस तसेच दिसणारे निःसत्त्व द्रव्य द्यावे, आणि कोणास काय दिले हे रोगी व वैद्य दोघांसही कळू देऊ नये, अशी योजना करावी लागते. इराण व सौदी अरेबियात कलौंजीवर चाचण्या झाल्या आहेत. काहींचे निष्कर्ष आशादायकही आहेत. परंतु रोगी थोडे आणि मुदत थोडकी. एवढ्या बळावर नेहमीचे औषध सोडावयास सांगणे हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे.

आपल्याकडे ग्रंथोक्त औषधास परवाना देताना ग्रंथातील उल्लेख हाच गुणाचा पुरावा मानला जातो. परंपरेचा मान अवश्य राखावा. पण जिवावर बेतणाऱ्या या विकारात तरी, गुणाचा दावा छापण्यापूर्वी उत्पादकाने माणसांवरील चाचणीचे आकडे सरकारपुढे ठेवलेच पाहिजेत, अशी सक्ती व्हावी. लहान उत्पादकास हा खर्च झेपणार नाही, हे आम्ही जाणतो. तो आयुष मंत्रालयाने उचलावा. तोवर दमेकऱ्यांनी श्वासावाटे घ्यावयाचे औषध डॉक्टरांस विचारल्यावाचून एक दिवसही थांबवू नये.