मूलकणांच्या शोधात प्रोसेसरची मालकी कोणाची?

चेन्नई : मूलकण भौतिकीच्या प्रयोगांचा विषय निघाला की भूमिगत बोगदे आणि महाकाय चुंबक डोळ्यांसमोर येतात. प्रयोगाचे यश मात्र तितकेच तळहाताएवढ्या सर्किट बोर्डांवर अवलंबून असते. जिनिव्हाजवळील सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला सुमारे 4 कोटी वेळा परस्परांना छेदतात. एवढी माहिती साठवणे अशक्य असल्याने ठेवावे काय व टाकावे काय, याची पहिली चाळण शोधक यंत्राजवळची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांत करते.

भारतात हाच प्रश्न न्यूट्रिनो वेधशाळेच्या निमित्ताने उभा राहिला. तामिळनाडूतील थेनी जिल्ह्यातील डोंगराखाली 50 हजार टन लोखंडाचा शोधक उभारण्याच्या, सुमारे 1,500 कोटी रुपयांच्या प्रकल्पास केंद्राने 2015 च्या आरंभी मान्यता दिली. त्यात सुमारे 30 हजार संवेदक बसवायचे होते आणि प्रत्येकाजवळ स्वतःचा छोटा प्रोसेसर असणार होता. मदुराईत चालवल्या जाणाऱ्या 85 टनी लघुप्रतिकृतीत ही रचना प्रत्यक्षात उतरली. मात्र त्या बोर्डाचा मेंदू होता ‘नायोस’ हा अमेरिकी कंपनीच्या मालकीचा प्रोसेसर.

येथेच खरी मेख आहे. असे प्रयोग वीस-पंचवीस वर्षे चालतात. व्यापारी प्रोसेसरचे आयुष्य तेवढे नसते. 2021 मध्ये नायोसचीच नवी पिढी आली ती ‘रिस्क-फाइव्ह’ या मुक्त आज्ञासंचावर आधारलेली. हा आज्ञासंच कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. चेन्नईच्या आयआयटी मद्रासने तर आपला ‘शक्ती’ प्रोसेसर कितीतरी आधीपासून याच पायावर उभारला होता. शक्तीवर आधारित ‘आयरिस’ ही चिप इस्रोच्या सहकार्याने तयार होऊन फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर झाली. तिची घडण चंडीगडच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत झाली, तर बोर्डाची जुळणी चेन्नईत.

अंतराळातील प्रारणामुळे चिपच्या स्मृतीतील शून्याचा एक होतो. त्वरकाजवळही दोष तोच. तथापि येथे उतावळेपणा नको. कोलायडरच्या अंतर्भागातील प्रारण कक्षेतील प्रारणाहून कैक पटींनी तीव्र असते आणि चंडीगडचे 180 नॅनोमीटर तंत्र सर्न वापरू लागलेल्या 28 नॅनोमीटरच्या मानाने बरेच जुने आहे. आयरिस उचलून थेट तेथे बसवता येणार नाही.

न्यूट्रिनो शोधकाचे तसे नाही. तेथे प्रारण नगण्य. कसोटी लागते ती हजारो बोर्ड एका तालात चालवण्याची. प्रकल्प मात्र अडला आहे. हा डोंगर वाघांच्या संचारमार्गात येतो, या कारणास्तव राज्य सरकारने 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात विरोध नोंदवला. पश्चिम घाटाची नाजूक अवस्था पाहता तो आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. परंतु डोंगराचा वाद मिटेपर्यंत इलेक्ट्रॉनिक्सने थांबावे, असेही नाही. सर्नच्या सीएमएस प्रयोगातील भौतिकशास्त्रज्ञ आणि शक्तीचे अभियंते आयआयटी मद्रासच्या एकाच आवारात आहेत. मदुराईच्या बोर्डातील नायोस हा वेगळा तुकडा नसून पुनर्रचनाक्षम चिपमध्ये भरलेला आराखडा आहे. त्याच्या जागी शक्तीचा लहान आराखडा चालवून पाहायचा, तर नवी चिप घडवण्याचीही गरज नाही.