जुन्या इलेक्ट्रिक गिटारचं हार्डवेअर घासताय? आधी हे वाचा!

माळ्यावरची जुनी इलेक्ट्रिक गिटार खाली आली की पहिली इच्छा होते, ब्रिज, ट्यूनर आणि पिकअपची कव्हरं घासून लख्ख करायची. व्हिडिओत कुणी लिंबू चोळतं, कुणी टूथपेस्ट, कुणी देवाची भांडी घासायची पावडर. माझं स्पष्ट मत: यातलं काहीही करू नका. कॉलेजात असताना सेकंडहँड गिटारच्या पिकअप कव्हरवर मी मेटल पॉलिश घेऊन अर्धा तास घालवला. चमक आली, पण कोपऱ्यांवर खालचं पितळही दिसायला लागलं. ते आजही तसंच आहे.

नेमकं होतं काय?

ही चमक फक्त वरवरची असते. पितळ, स्टील किंवा जस्ताच्या मिश्रधातूवर निकेल, क्रोम किंवा सोन्याचा मुलामा दिलेला असतो, तोही काही मायक्रॉनचा. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या. पॉलिशमधले बारीक कण काळपटपणासोबत हा थरही खरवडतात. सोन्याचा मुलामा तर सर्वांत नाजूक.

म्हणून आधी मुलामा ओळखा. निकेलला किंचित पिवळसर झाक असते आणि ते जुनं झालं की धुरकट होतं. क्रोम निळसर, आरशासारखं राहतं. त्यावर गंजाचे ठिपके येतात. गिब्सनच्या गिटारवर १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत निकेल असायचं, मग क्रोम आलं. त्यामुळे त्या काळातल्या गिटारवरचं धुरकट निकेल हा तिच्या वयाचा पुरावा असतो आणि तुम्ही तोच पुसायला निघालेले असता! तिकडे फेंडर कंपनी १९९०च्या दशकापासून नव्या गिटार मुद्दाम झिजवून, 'रेलिक' म्हणून चढ्या किमतीला विकतेय.

मग साफ करायचंच नाही का?

करायचं, पण फक्त मळ आणि घाम. घामातलं मीठ आणि मुंबई-कोकणातली दमट हवा धातूला खाते. तारा काढा, प्रत्येक भाग सुटा करण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. मऊ टूथब्रश, किंचित साबणाचं पाणी, लगेच कोरडं कापड. क्रोमवर गंज असेल तर तो भाग काढून ओल्या अॅल्युमिनियम फॉइलने हलकेच चोळा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असते. स्टील वूल मात्र गिटारजवळ आणूच नका. पिकअपमध्ये चुंबक असतं, लोखंडाचा भुगा तिथे जाऊन चिकटतो.

ब्रिजच्या सॅडलचा स्क्रू जाम असेल तर जोर लावू नका. गंज सैल करणाऱ्या तेलाचा एक थेंब टूथपिकने सोडा आणि रात्रभर थांबा. स्प्रे थेट मारलात तर तेल लाकडात आणि वायरिंगमध्ये उतरतं.