विश्लेषण : नेमबाजीचे लांब नळीचे पिस्तूल ठेवायचे की विकायचे?

बोरिवली, मुलुंड, घाटकोपरमधील जुन्या इमारती पुनर्विकासासाठी रिकाम्या होत आहेत. भाड्याच्या घरात सामान हलवताना एखाद्या घरी कपाटाच्या कुलूपबंद खणातून एक पेटी निघते. आत लाकडी मुठीचे, विचित्र लांब नळीचे पिस्तूल. वडील कधी काळी रविवारी वरळीला नेमबाजीला जात, राज्य स्पर्धाही खेळले. आता नजर साथ देत नाही. सामान हलवणाऱ्या माणसांच्या हाती ही पेटी देता येत नाही. आई म्हणते, विकून मोकळे व्हा. वडील काहीच बोलत नाहीत. मुलगा मोबाइलवर किंमत शोधतो आणि त्याला काही सापडत नाही. अशा वेळी काय करावे?

हे पिस्तूल नेमके काय असते?

नेमबाज त्याला ‘फ्री पिस्तूल’ म्हणतात. ५० मीटरवरून, उभे राहून, एका हाताने ६० गोळ्या झाडायच्या. लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम पाच सेंटीमीटर व्यासाचे. गोळी पॉइंट टू-टू, म्हणजे ५.६ मिलिमीटरची आणि दर वेळी एकच भरायची. नळी साधारण ३० सेंटीमीटरची. ती जास्त मारा करण्यासाठी लांब असते, असा घरच्यांचा समज असतो. पण कारण वेगळे आहे. पुढची माशी आणि मागची खाच यांतले अंतर वाढले की नेम धरण्यातली चूक कमी होते, म्हणून ही लांबी. २५ मीटरच्या पिस्तुलाला नळीची मर्यादा १५३ मिलिमीटर आहे, या प्रकारात मात्र लांबीला बंधन नाही आणि चाप किती हलका असावा यालाही नाही. मूठ तर हाताला कोरून बसवलेली असते. वडिलांच्या पंजाची ती मूठ मुलाच्या हातातही नीट बसेलच असे नाही.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की या वस्तूचा दुसरा काहीही उपयोग नाही. स्वसंरक्षणासाठी ती निरुपयोगी आहे. ‘घरात असू दे, कधी लागेल’ हा युक्तिवाद इथे पहिल्याच पायरीवर बाद होतो.

ऑलिम्पिकमधून हा प्रकार का गेला?

स्त्री-पुरुष समानतेसाठी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१७ मध्ये टोक्योच्या कार्यक्रमातून पुरुषांचे तीन नेमबाजी प्रकार काढले आणि त्या जागी मिश्र सांघिक प्रकार आणले. ५० मीटर पिस्तूल हा त्या तिघांतला एक. १८९६च्या पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकपासून, मधले काही खंड सोडले तर, हा प्रकार होता. शेवटची तिन्ही सुवर्णपदके, २००८, २०१२ आणि २०१६ची, दक्षिण कोरियाच्या जिन जाँग-ओह याने नेली. आपल्याकडे जितू राय याने २०१४ मध्ये याच प्रकारात राष्ट्रकुल आणि आशियाई क्रीडा स्पर्धांत सुवर्ण आणि जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवले. रिओमध्ये मात्र तो बाराव्या स्थानावर राहिला.

पण ऑलिम्पिकमधून गेला म्हणजे प्रकार संपला, असे नाही. २०१८ मध्ये कोरियातील चांगवॉनच्या जागतिक स्पर्धेत ओमप्रकाश मिठरवाल याने ५० मीटर पिस्तुलात जगज्जेतेपद मिळवले. त्या सुवर्णाला ऑलिम्पिक कोटा नव्हता आणि त्याची चर्चाही बेताचीच झाली. जागतिक आणि राष्ट्रीय स्पर्धांत हा प्रकार टिकून आहे. बदलला तो नव्या मुलांचा ओढा. पॅरिसमध्ये मनू भाकरने कांस्य जिंकले ते १० मीटर एअर पिस्तुलात. उपनगरातले पालक मुलांना तिकडेच नेतात. त्यामुळे लांब नळीच्या पिस्तुलाला गिऱ्हाईक आहे, पण थोडे. ते बाजारात नव्हे, रेंजवर सापडते.

मुंबईत ते चालवणार कुठे?

हा प्रश्न मला ऑलिम्पिकपेक्षा महत्त्वाचा वाटतो. १० मीटरची रेंज एखाद्या सभागृहात बसते. ५० मीटरला मोकळी लांब जागा आणि मागे भक्कम बांध लागतो. महाराष्ट्र रायफल असोसिएशनची वरळीची रेंज ही मुंबईच्या नेमबाजीची जुनी जागा. अंजली भागवतसारखी खेळाडू तिथूनच पुढे आली. ५० मीटरची मोठी सोय म्हटले की पुण्याजवळचे बालेवाडी आठवते. बोरिवलीहून वरळीलाच जाऊन यायचे तर अर्धा दिवस जातो. ज्याने गेल्या दोन वर्षांत हा अर्धा दिवस एकदाही काढला नाही, तो पुढच्या दोन वर्षांत काढेल का? याचे उत्तर वडिलांनी स्वतःशी द्यायचे आहे, मुलांनी नाही.

विकायचे तर कायदा काय सांगतो?

ही वस्तू जुन्या फ्रिजसारखी जाहिरात देऊन विकता येत नाही. परवानाधारक शस्त्रविक्रेत्यामार्फत व्यवहार करणे हा एक मार्ग. थेट दुसऱ्या नेमबाजाला द्यायचे असेल, तर शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५ नुसार आधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवावे लागते. शस्त्र विकण्याचा इरादा, घेणाऱ्याचे नाव आणि पत्ता त्यात द्यायचा. त्यानंतर किमान ४५ दिवस जावे लागतात. घेणाऱ्याकडे ते शस्त्र बाळगण्याचा कायदेशीर हक्क हवा, म्हणजे त्याच्या परवान्याचे काम आधी. मुंबईत परवान्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे. परदेशी बनावटीचे पिस्तूल खेळाडू म्हणून सवलतीत आयात केले असेल, तर त्या वेळच्या परवानगीत विक्रीविषयी काही अट आहे का, हे जुन्या कागदांत पाहावे. नेमके हेच कागद पेटीत नसतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे!

पैशांबद्दल फार आशा ठेवू नये. मूठ दुसऱ्याच्या हाताची, सुटे भाग दुर्मीळ, काही जातींत चाप बॅटरीवर चालणारा. घेणारा आधी रेंजवर दहा-वीस गोळ्या झाडून बघेल आणि मगच बोलेल.

ठेवायचे ठरवले तर?

ठेवणे म्हणजे कपाटात विसरणे नव्हे. परवान्याचे वेळेवर नूतनीकरण, कुलूपबंद साठवण, पत्ता बदलला की कळवणे, हे सारे आले. पुनर्विकासात तर पत्ता दोनदा बदलतो, भाड्याच्या घरात जाताना आणि नव्या इमारतीत परतताना. शिवाय २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे ठेवण्याची मुभा आहे. पात्र नेमबाजांना त्याहून अधिक मिळतात, पण खेळाडू म्हणून. निवडणूक आली की शस्त्रे जमा करण्याच्या सूचना निघतात. स्पर्धा खेळणाऱ्या, राष्ट्रीय रायफल संघटनेच्या सदस्यांना त्यातून सूट असते. जो खेळतच नाही, त्याने कोणत्या तोंडाने ती मागायची?

एक तरतूद मात्र फारशी माहीत नसते. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाचे वय ७० झाले किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षे झाली, की तो हयात असतानाच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. मृत्यूपर्यंत थांबावे लागत नाही. घरात मुलगी किंवा नातू नेमबाजी करत असेल, तर हा सर्वांत चांगला मार्ग. कोणी करत नसेल, तर केवळ आठवण म्हणून मुलाच्या गळ्यात परवाना अडकवणे मला पटत नाही.

मग काय करावे?

वडील अजून रेंजवर जात असतील, तर ऑलिम्पिक गेले म्हणून विकू नये. एकदा हातचे गेले की तसे पिस्तूल पुन्हा मिळणे आपल्या देशात फार अवघड आहे. काहींना रेंजवर जाणे जमत नाही, पण घरी रोज दहा मिनिटे रिकाम्या पिस्तुलाने भिंतीवर नेम धरण्याचा सराव, म्हणजे ‘ड्राय फायर’, चालू असतो. तोही मी खेळच मानतो. त्या माणसाकडून पिस्तूल काढून घेण्याची घाई घरच्यांनी करू नये.

पण पेटी वर्षानुवर्षे उघडलीच नसेल, तर विकावे, आणि परवानाधारक हयात असताना, त्याच्याच हाताने विकावे. याचे कारण भावनिक कमी आणि व्यवहारी जास्त आहे. परवानाधारक गेला की शस्त्र घरात ठेवणे बेकायदा ठरू शकते. वारसांनी ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा अटींनुसार शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचे असते. जमा केलेले शस्त्र ठरावीक मुदतीत सोडवले वा विकले नाही, तर ते सरकारजमा होऊ शकते. ज्या नळीला वडील महिनोन्‌महिने तेल लावत आले, ती तोवर गंजून जाते. तेरावे उरकून मुलगा ती कागदपत्रे शोधत बसतो, आणि पिस्तूल कोणाला उपयोगी पडेल हे सांगणारे माणूसच उरलेले नसते.

वडिलांना ते माहीत असते. रेंजवरच्या जुन्या सहकाऱ्यांना एक फोन केला, तरी फ्री पिस्तुलासाठी चाचपडणारा एखादा मुलगा सापडतो. त्याला पिस्तूल देताना चापाची खोड, कोणत्या गोळीला गट चांगला पडतो, हेही सांगता येते. स्कोअरकार्डे, बिल्ले, छिद्रे पडलेली जुनी लक्ष्ये घरीच राहतात; त्यांना परवाना लागत नाही.

घर रिकामे करण्याची तारीख ठरली असेल, तर ४५ दिवसांचा हिशेब त्या तारखेपासून उलटा मोजावा. त्यात घेणाऱ्याच्या परवान्याला लागणारे महिने मिळवावेत. तेवढा वेळ उरला नसेल, तर आधी नव्या पत्त्याचे काम करावे, पेटी स्वतःच्या हाताने न्यावी आणि विक्रीचे पत्र तिथून लिहावे.