मुख्यालय कागदावर, मुक्काम धुळ्याला

तुमच्या गावचे गुरुजी, भाऊसाहेब आणि तलाठी आप्पा रात्री कुठे मुक्कामाला असतात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. ठाऊक नसते ते फक्त ग्रामसभेच्या इतिवृत्ताला. तिथे ‘सदर कर्मचारी मुख्यालयी राहतात’ असा ठराव सर्वानुमते मंजूर झालेला असतो. सूचक तुमच्यातला, अनुमोदकही तुमच्यातलाच!

नोकरीच्या गावी राहावे, ही सरकारी अट जुनीच आहे. ग्रामविकास विभागाने ९ सप्टेंबर २०१९ रोजी तिला ग्रामसभेच्या ठरावाची जोड दिली. शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य कर्मचारी गावात राहतात की नाही, हे गावानेच सांगावे, असा त्यामागचा विचार. २०२२ साली गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत हा विषय लावून धरला. गुरुजी गावात राहत नाहीत आणि घरभाडे भत्ता मात्र घेतात, असे त्यांचे म्हणणे. त्यावर शिक्षक संघटना खवळल्या, औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) मोर्चा निघाला. दोन्हीकडून पुष्कळ बोलून झाले. गावाला नेमके काय हवे, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

आधी त्यांची बाजू पाहू. आपल्या साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, वार्सा-कुडाशीच्या बाजूला, एखाद्या पाड्यावर नेमणूक झाली तर भाड्याने खोली मिळते का? संडास, नळ, दाराला धड कडी असलेली दोन खणांची जागा किती गावांत आहे? सातव्या वेतन आयोगात घरभाडे भत्ता ठरला तो एक्स, वाय, झेड अशा वर्गांनी. सुरुवातीचे दर होते मूळ पगाराच्या २४, १६ आणि ८ टक्के. खेडे सगळ्यात खालच्या वर्गात. पण अडचण पैशाची कमी आणि जागेची जास्त आहे.

दुसरी गोष्ट नवरा-बायकोची. दोघेही नोकरीत असले तर मुख्यालये दोन आणि संसार एक! जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांसाठी २७ फेब्रुवारी २०१७ चे जे धोरण आले, त्यात पती-पत्नीमध्ये तीस किलोमीटरच्या वर अंतर असेल तर एकत्र आणण्याची सोय होती. म्हणजे तीस किलोमीटरपर्यंतचे जाणे-येणे सरकारनेच चालण्यासारखे मानले. मग दोघांनी आपापल्या मुख्यालयी राहायचे कसे? आणि मुलांच्या शाळेचे म्हणाल तर आपण तरी काय करतो? ऐपत झाली की आपणही पोरांना धुळ्याला खोली करून देतोच ना, भाऊ?

पण याचा अर्थ धुळ्याहून अपडाऊन चालू द्यावे असा नाही. धुळे ते साक्रीच पन्नासच्या वर किलोमीटर. तिथून पुढे पिंपळनेर आणि मग पाड्याचा रस्ता. जाऊन-येऊन दीडशेच्या वर किलोमीटर रोजचे. एसटी चुकली की शाळेचा पहिला तास गेला, आणि पावसाळ्यात तर विचारूच नका. माणूस येतो तोच दमलेला, आणि चार वाजले की त्याची नजर घड्याळाकडे. धुळ्याला राहून पाड्यावर नोकरी होत नाही, फक्त हजेरी होते.

मग राहायचे कुठे? त्याचे उत्तर हुद्द्यागणिक वेगळे आहे. सातबारा आता डिजिटल सहीचा मिळतो, ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर मोबाइलवर सुरू झाली. तेव्हा आप्पांचे (२०२४ पासून त्यांचे नाव ‘ग्राम महसूल अधिकारी’) बिऱ्हाड गावातच हवे असे नाही. पण गारपीट झाली तर दुसऱ्या दिवशी सकाळी ते बांधावर दिसले पाहिजेत. ग्रामसेवकाकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, दोन-तीन गावांचा कारभार असला तर त्याने कोणत्या गावी राहायचे? गुरुजी वेळेवर आणि ताजेतवाने यावेत. उपकेंद्रातल्या सिस्टरचे मात्र तसे नाही. बाळंतपण आणि सर्पदंश रात्र पाहून येत नाहीत. तिथे मुक्काम गावातच लागतो.

म्हणून मधला मार्ग दिसतो तो बाजाराच्या गावांचा. पिंपळनेर, दहिवेल, निजामपूर, खुद्द साक्री. इथे दवाखाना आहे, हायस्कूल आहे, भाड्याची जागा मिळते, आणि आजूबाजूच्या गावांना मोटरसायकलने थोड्या वेळात पोचता येते. नोकरदार मंडळींनो, पोरांच्या शिक्षणासाठी धुळे सोडवत नाही हे मान्य. पण पिंपळनेरला तर कॉलेजसुद्धा आहे. शिवाय तुमचा पगार तालुक्यातच खर्च झाला तर इथला बाजारही वाढतो.

आता सरपंच आणि ग्रामस्थांनी काय करावे?

पहिले, खोटा ठराव देऊ नका. आज संबंध राखायला दिलेला ठराव उद्या तुमचेच तोंड बंद करतो. रात्री सिस्टर मिळाल्या नाहीत म्हणून तक्रार केलीत, तर पंचायत समितीत तुमचाच ठराव तुमच्यापुढे ठेवतील. कोण कुठे राहतो, किती लांबून येतो, ते जसे आहे तसे इतिवृत्तात लिहा. अट बदलायची तर ती वरूनच बदलेल, पण खरे लिहिल्याशिवाय वर कळणार कसे?

दुसरे, उपकेंद्राच्या क्वार्टरची दुरुस्ती ग्रामपंचायतीच्या आराखड्यात आधी घ्या. पाणी, वीज, संडास आणि पक्के दार. बाईमाणसाने एकटीने राहावे असे वाटत असेल तर तिच्या सुरक्षेची जबाबदारी गावाची.

तिसरे, भाऊसाहेब आणि आप्पा कोणत्या वारी, किती वाजता गावात भेटतील, ते ठरवून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून घ्या. खाली मोबाइल नंबर.

पश्चिम पट्ट्यातल्या अनुसूचित गावांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. १९९६ च्या पेसा कायद्याने सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि कर्मचाऱ्यांवर नियंत्रणाचा अधिकार पंचायत आणि ग्रामसभेकडे असावा असे म्हटले आहे. तो अधिकार खोट्या ठरावावर अंगठा उठवण्यासाठी नाही.

येत्या ग्रामसभेत मुख्यालयाचा विषय आला की हात वर करण्याआधी एवढेच विचारा, काल रात्री गरज पडली असती तर आपल्या गावात कोण होते?