मिशनच्या अहवालात घरची शाळा कुठे आहे?

आमच्या मंडळीत दर सहा महिन्यांनी आफ्रिकेतल्या मलावीहून पत्र येतं आणि उपासना संपली की पाळकसाहेब ते वाचून दाखवतात. दवाखान्यात किती रुग्ण तपासले, किती बाळंतपणं झाली, पावसात रस्ता कसा वाहून गेला, औषधांचा ट्रक कुठे अडकला, सगळं त्यात असतं. शेवटी एक ओळ येते : पत्नी व मुले कुशल आहेत. ती पत्नी म्हणजे माझी लेक. बी.एस्सी. नर्सिंग झालेली, नागपुरात वॉर्ड सांभाळलेली बाई. जावई तिथल्या मिशन दवाखान्यात डॉक्टर आहेत. लेक सकाळपासून दुपारपर्यंत स्वतःच्या दोन लेकरांची शाळा चालवते. तिथं शिक्षिका तीच, शिपाई तीच आणि मधल्या सुट्टीतला डबा करणारीही तीच. या कामाबद्दल पत्रात एक अक्षर नसतं. जावई दुष्ट नाहीत, भला माणूस आहे. मिशनच्या छापील नमुन्यात त्या कामासाठी रकानाच नाही, ते बिचारे लिहिणार कुठे?

मी नागपूर महानगरपालिकेच्या मराठी शाळेत नोकरी करून निवृत्त झाले आणि आता कळमन्यात राहते. शेजारच्या काकू मला अजूनही टोमणा मारतात, "काऊन बाई, तुम्ही मास्तरीण अन् नातवंडं बिनशाळेची?" तर माझं मत आधीच सांगून टाकते. परदेशात मिशनच्या कामावर गेलेल्या कुटुंबाने लहान मुलांना घरी शिकवावं, याला माझा विरोध नाही. सहा-सात वर्षांचं लेकरू वसतिगृहात टाकण्यापेक्षा ते बरंच. पण ती शाळा 'आई घरीच तर असते' या भरवशावर फुकटात चालवून घेतली जाते, याला माझा सक्त विरोध आहे.

मुलं गावच्या शाळेत का जात नाहीत, असं पुष्कळ जण विचारतात. मलावीने 1994 साली प्राथमिक शिक्षण मोफत केलं आणि शाळा मुलांनी भरून वाहू लागल्या. खालच्या इयत्तांच्या एकेका वर्गात शंभरावर मुलं असणं तिथं नवलाचं नाही. मी पन्नास-साठ पोरांचे वर्ग घेतलेत, त्यामुळे तिथल्या मास्तरांना नावं ठेवायची माझी छाती नाही. त्यात भाषा चिचेवा. चांगली इंग्रजी शाळा शहरात, म्हणजे पुन्हा वसतिगृह आलंच. म्हणून घर.

रोज चार वाजता माझा तास असतो. तेव्हा तिकडे साडेबारा झालेले असतात. आंबिया बहराची संत्री येऊ लागली की आमच्या रस्त्यावर मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते, आणि मिरचीचा हंगाम असला तर ठसका लागून मला शिकवणं थांबवावं लागतं. नात विचारते, "आजी, रडून राहिली का?" मग मी तिला मिरचीच्या पोत्यांचं गणित घालते. एका पोत्यात चाळीस किलो, हमालदादाने दहा पोती उतरवली, तर क्विंटल किती? काटा, अडत्या, लिलाव, कट्टा हे शब्द तिला माझ्या फोनवरूनच कळले. परवा तिने चिचेवा बोलणाऱ्या मैत्रिणीला अंगणात खडे मांडून लिलाव शिकवला म्हणे. ही लिलाव लावणारी आणि ती बोली बोलणारी.

नातू लहान आहे. बालभारतीच्या पुस्तकात पोळ्याचं चित्र आलं तेव्हा मी त्याला आपल्याकडचा तान्हा पोळा सांगितला. लाकडी बैल, त्याला झूल, घरोघरी जाऊन मिळणारा बोजारा. आमचं घर ख्रिस्ती असलं तरी तान्हा पोळा नागपुरातल्या सगळ्याच पोट्ट्यांचा. दुसऱ्या दिवशी त्याने फोनसमोर मक्याच्या कणसाचा बैल धरला. चार काड्यांचे पाय, शिंगांना काटे. वर मला म्हणतो, "आजी, बोजारा दे!" मी त्याच्या आईच्या खात्यात एक्कावन्न रुपये टाकले. अशा तासाला कोणी शाळा म्हणणार नाही, पण मी म्हणते. वीज गेली की मात्र हे सगळं बंद पडतं, आणि तिकडे वीज वरचेवर जाते. मग मी गोष्ट बोलून ध्वनिमुद्रण पाठवते आणि लेक ते रात्री ऐकवते.

आता जुन्या गोष्टीकडे वळते. स्टीफन हिस्लॉप 1845 साली नागपुरात आले आणि दुसऱ्या वर्षी त्यांनी इथं शाळा काढली. त्यांच्या नावाचं कॉलेज आपण रोज बघतो. ज्या फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडने त्यांना इकडे धाडलं, त्याच चर्चने 1875 साली मलावीत लिव्हिंग्स्टोनिया मिशन काढलं. म्हणजे माझी नातवंडं आज जिथं आहेत, तिथला आणि नागपूरचा धागा दीडशे वर्षांचा आहे. त्या काळच्या गोऱ्या मिशनरींच्या मुलांची सोय मात्र बघा. मसुरीला वुडस्टॉक शाळा 1854 पासून. कोडाईकनालला अमेरिकन मिशनरींच्या मुलांसाठी 1901 साली शाळा निघाली. ज्यांना मुलं जवळ ठेवायची, त्यांच्यासाठी इंग्लंडात शार्लट मेसन यांच्या संस्थेने 1891 पासून घरी शिकवण्याचा अभ्यासक्रम टपालाने पाठवायला सुरुवात केली. अमेरिकेत बाल्टिमोरच्या कॅल्व्हर्ट शाळेने 1906 पासून वर्षभराचे धडे तयार करून घरपोच द्यायला घेतले, आणि ते जगभरच्या मिशनरी घरांत पोचले. आईने कधी काय शिकवायचं, ते सगळं आखून दिलेलं असायचं.

आणि आपण? आपल्या मंडळ्या आता माणसं बाहेर पाठवू लागल्या, याचा मला अभिमान आहे. पण तिकिटाची वर्गणी गोळा झाली, प्रार्थना झाली, स्टेशनवर गाणी म्हणून झाली, की आपलं काम संपलं असं आपण समजतो. माझ्या लेकीची पाठ्यपुस्तकं मी बालभारतीच्या संकेतस्थळावरून उतरवून, छापून, बांधून पाठवली. माझ्यासारखी मास्तरीण आई नसलेल्या मुलीने काय करायचं?

'देव बघून घेईल' असं म्हणणारी माणसं आमच्याकडे पुष्कळ आहेत. देव बघतोच, पण पाढे कोणीतरी म्हणून घ्यावे लागतात. यात मला पंडिता रमाबाईंइतकं उपयोगाचं उदाहरण दुसरं दिसत नाही, कारण त्यांनी ही गोष्ट मुलगी म्हणून आणि आई म्हणून, दोन्ही बाजूंनी भोगली. 1858 साली त्या जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत गावोगाव, तीर्थोतीर्थी हिंडणारे. लेकरांना घेऊन धर्माच्या कामासाठी रस्त्यावर असलेलं हे कुटुंब, आजच्या भाषेत मिशनरी कुटुंबच. अनंतशास्त्रींनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि पुढे त्या लक्ष्मीबाईंनी रमेला. शाळा नाही, फळा नाही. तरी 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्या वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. आईने शिकवलेलं कुठवर नेऊ शकतं याचा यापेक्षा मोठा पुरावा मला नको. पण त्याच घरात पुराण सांगण्यापलीकडे पोटाची दुसरी विद्या नव्हती, आणि दुष्काळात आई, वडील, बहीण सगळे गेले. एकाच विद्येवर पोसलेल्या घराची ही दुसरी बाजू विसरता येत नाही.

पुढे रमाबाई स्वतः आई झाल्या. 1883 साली दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या मठातल्या ख्रिस्ती भगिनींकडे उतरल्या. त्यांना स्वतःला शिकायचं होतं, शिकवायचं होतं, चेल्टनहॅमच्या कॉलेजात काम होतं. पुढे अमेरिकेत व्याख्यानं देत त्या फिरल्या, तेव्हा मनोरमा बराच काळ वाँटेजलाच वाढली. या पोरीला धर्माचं काय शिकवायचं आणि ते कोणी ठरवायचं, यावरून रमाबाई आणि त्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्यात चांगलीच खडाजंगी झाली. 1977 साली छापलेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात ती वाचायला मिळते. मला त्या पत्रांत दिसते ती कामाच्या रगाड्यात सापडलेली आई. लेकरू दुसऱ्याकडे ठेवावं लागतंय, पण लेकराच्या मनावरचा हक्क सोडायचा नाही, असा तिचा झगडा आहे. मनोरमा पुढे आईच्या कामातला उजवा हात झाली. पण प्रत्येक मिशनरीच्या मुलाचं असं होत नाही.

गांधीजींच्या थोरल्या मुलाचं, हरिलालचं, झालं नाही. 1897 साली दरबानला दोन मुलगे आणि एक भाचा घेऊन उतरलेल्या गांधीजींना मुलांना युरोपियनांच्या शाळेत घालता आलं असतं, खास सवलत म्हणून. इतर हिंदी मुलांना जे मिळत नाही ते आपल्या मुलांना नको, म्हणून त्यांनी ती घेतली नाही. सात पौंड महिन्याची इंग्रज शिक्षिका ठेवली, स्वतः शिकवायचं ठरवलं. वेळ कुठून मिळणार? जोहान्सबर्गला ऑफिसात पायी जाता-येता मुलं सोबत, आणि चालता चालता गुजरातीत धडे. पुस्तकी शिक्षण आपण पुरेसं देऊ शकलो नाही, हे त्यांनी आत्मकथेत स्वतःच लिहून ठेवलं. हरिलालने ते बापाला कधी माफ केलं नाही. आणि तेच गांधीजी 1937 साली आपल्या वर्ध्याला परिषद भरवून देशाला नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण, सांगतात. मी सेवाग्रामला शिक्षकांच्या सहली नेल्या आहेत आणि नई तालीम मला मनापासून पटते. पण बापाच्या व्रताचा खर्च मुलाने भरायचा नसतो, हे मला नई तालमीने नाही, हरिलालने शिकवलं.

म्हणून सरळ बोलते. व्रत आईबापांनी घेतलं, लेकरांनी नाही. घरशाळा चालवायची असेल तर ते मिशनचंच काम आहे असं धरा. लेकीचे रोजचे चार-पाच तास अहवालात लिहा आणि त्यांचं मानधन द्या. गांधीजींसारख्या काटकसरी माणसालासुद्धा शिक्षिकेचा पगार द्यावा लागला. ती नर्स आहे. आठवड्यातून दोन दिवस तिला वॉर्डात जाता यावं म्हणून गावातली एखादी शिकलेली मुलगी तासांना ठेवा. लेकरांना चिचेवाही त्या मुलीकडूनच नीट येईल. आत्ता ती भाषा त्यांना फक्त अंगणापुरती येते. मुलं दिवसभर आईबरोबर आणि संध्याकाळी मिशनच्या आवारातच राहिली, तर ती तिथलीही होत नाहीत आणि इथलीही.

कायद्याचंही थोडं सांगते. जर्मनीत घरशाळेला परवानगी नाही आणि युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने 2006 साली तिथल्या पालकांची तक्रार फेटाळली. त्यामुळे पुढची नेमणूक कुठे, हे ठरवण्याआधी हा प्रश्न विचारायला हवा. मुलं परतली तर आपल्याकडे 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात वयानुरूप वर्गात प्रवेशाची तरतूद आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत तिसरी, पाचवी, आठवीच्या पातळीच्या परीक्षा देता येतात, दहावी-बारावीही. वाट आहे. पण लेक सुट्टीवर आली असताना मी एका शाळेत नातीच्या प्रवेशाची चौकशी केली, तर बाबूने पहिलाच प्रश्न केला, "आधीच्या शाळेचा दाखला?" घरी शिकली म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवलं. मी मास्तरीण, मला कायदा तोंडपाठ. मी वाद घातला. दुसरी कोणी आजी घरी परतली असती.

दर वर्षी डिसेंबरात मंडळ्यांची अंदाजपत्रकं बनतात. खजिनदारांना माझी विनंती आहे की मिशनच्या खात्यात दवाखान्याच्या औषधांखाली आणखी एक ओळ टाका : मुलांचं शिक्षण. पुस्तकं, टपाल, इंटरनेट, गावातल्या शिक्षिकेचा पगार, परीक्षांची फी आणि आईचं मानधन, असा नावानिशी खर्च लिहा. तेवढे पैसे जमत नसतील, तर पुढचं कुटुंब पाठवायची तारीख वर्षभर पुढे ढकला.