वीस टक्क्यांचा संसार

घराचा विमा काढताना भिंतींची किंमत सगळे विचारतात, आतल्या संसाराची क्वचितच कोणी. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत इमारतीसोबत सामानालाही आपोआप संरक्षण मिळते: इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपये. बांधकाम २५ लाखांचे, तर सामान ५ लाखांचे. ही सोय झाली, हिशेब नव्हे. बांधकामाची रक्कम चौरस फुटांवर ठरते, सामान मात्र माणसांगणिक वाढते. म्हणून खोलीवार यादी करावी आणि प्रत्येक वस्तू आज नवी घ्यायला काय पडेल ते लिहावे. फ्रिज-टीव्ही सगळ्यांना आठवतात. गाद्या, कपडे, भांडी यांची बेरीज मात्र चकित करते. ‘सगळे एकदम थोडेच जाते?’ हा आक्षेप तिसऱ्या मजल्यावर, तोही पुरापुरताच, खरा. जुलै २०२१च्या पुरात चिपळूणमधल्या तळमजल्यांना तो लागू पडला नाही, आणि आग मजला पाहत नाही. यादी २० टक्क्यांपुढे गेली, तर जादा रक्कम मागून घेता येते. पण उगाच फुगवू नये, भरपाई नुकसानीइतकीच मिळते. दागिन्यांसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते, घरफोडीचेही तसेच. (एजंट हे शेवटी सांगतात, सांगितलेच तर.) भाडेकरूंनी तर घरमालकाच्या पॉलिसीवर विसंबूच नये, त्यांना फक्त सामानाचा विमा काढता येतो.